समूहगानाने स्मृतिभ्रंश बरा होतो का?

मुलाचे नावही न आठवणारी आजी भजनी मंडळात बसली की अख्खी आरती बिनचूक म्हणते, आणि त्यावरून ‘समूहगानाने डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) बरा होतो’ हा समज वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो खरा नाही.

पुरावा म्हणून कधीकधी क्लाइव्ह वेअरिंग या ब्रिटिश गायकवृंद-संचालकांचे नाव पुढे केले जाते. पण त्यांना डिमेन्शिया नव्हे, तर १९८५ मध्ये हर्पिस विषाणूमुळे मेंदूज्वर झाला होता आणि त्यात त्यांच्या हिप्पोकॅम्पसची, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागाची, मोठी हानी झाली. काही सेकंदांपूर्वीचेही त्यांना आठवेना. पत्नी खोलीत पुन्हा आली की अनेक वर्षांनी भेटल्यासारखे ते तिला बिलगत. तरीही समोर गायक उभे राहिले की ते सफाईने संचालन करीत, आणि गाणे संपले की पुन्हा तितकेच हरवत. परत आलेली स्मृती अशी नसते.

प्रसंगांची आठवण आणि सरावाने अंगवळणी पडलेली कृती मेंदू वेगवेगळ्या ठिकाणी सांभाळतो. अल्झायमर या डिमेन्शियाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात हिप्पोकॅम्पस लवकर झिजतो, तर ओळखीच्या गाण्यांशी निगडित काही भाग तुलनेने टिकून राहतात, असे जर्मनीतील लाइपझिगच्या संशोधकांना २०१५ मध्ये आढळले. शिवाय समूहात शेजारच्याचा सूर आणि पुढचा शब्द आयताच मिळतो.

गाण्याचा लाभ मात्र खरा आहे: ऑस्ट्रेलियातील वृद्धाश्रमांत झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत समूहगानामुळे डिमेन्शियाग्रस्तांमधील नैराश्याची लक्षणे कमी झाली. त्या भरवशावर तपासणी लांबवणे किंवा गोळ्या परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे आहे.