स्विंग आणि बीबॉप: ठेका कुठे आहे ते ऐका

‘जॅझ लोकप्रिय होतं, मग रॉक अँड रोल आलं आणि जॅझ संपलं.’ हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता राहवत नाही. १९४६ च्या डिसेंबरात बेनी गुडमन, टॉमी डॉर्सी, हॅरी जेम्स, वूडी हर्मन अशा स्विंगच्या बड्याबड्यांनी आपापले बँड मोडले. रॉक अँड रोलचा एल्व्हिस प्रेस्ली अमेरिकाभर गाजला १९५६ मध्ये. मधली दहा वर्षं कुणी मोजतच नाही, कारण स्विंग आणि बीबॉप हे जॅझचे दोन वेगळे प्रकार ‘जॅझ’ या एकाच पोत्यात कोंबलेले असतात.

स्विंग तुमच्या कानावरचं आहे. ‘अलबेला’ला (१९५१) संगीत देताना सी. रामचंद्रांच्या साथीला गोव्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होता. त्या गाण्यांतला ब्रासचा, म्हणजे ट्रंपेटसारख्या पितळी वाद्यांचा, दणका स्विंगचाच. पंधरा-सोळा वादक, बरंचसं लिहून काढलेलं संगीत आणि समोर नाचणाऱ्यांनी भरलेला हॉल. १९३५ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये तरुणांनी गुडमनला डोक्यावर घेतलं. तिथून दहाएक वर्षं हेच अमेरिकेचं लोकप्रिय संगीत होतं.

बीबॉपमध्ये वादक चार-सहा, धुना वाकड्यातिकड्या, वेग बहुधा जास्त. ठीक. पण ‘बीबॉप म्हणजे भरधाव स्विंग’ हे साफ चूक आहे. स्विंगवाल्या काउंट बेसीचा बँडही भरधाव वाजायचा आणि बीबॉपच्या चार्ली पार्करनं संथ ब्लूजही वाजवले. ‘उपज, म्हणजे ऐनवेळी सुचेल तसं वाजवणं, आली ती बीबॉपमुळे’ हे तर त्याहून चूक. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग बेसीच्या बँडमध्ये बसून काय करत होता मग?

खरा फरक ठेक्याचा आहे. स्विंगचा ड्रमर उजव्या पायानं मोठा ड्रम चारही मात्रांवर धरतो. बास आणि गिटारही त्याच चार मात्रा धरून असतात. ठेका जणू जमिनीतून वर येतो आणि नाचणाऱ्याच्या पायाला आयता मिळतो. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबमध्ये १९४० नंतर थेलोनियस मंक, डिझी गिलेस्पी ही मंडळी रात्री जमू लागली, तेव्हा तिथला ड्रमर होता केनी क्लार्क. त्यानं ठेका पायाकडून काढून हाताकडे, झांजेवर नेला. मोकळा झालेला पाय मग मध्येच, भलत्याच जागी दणका द्यायला लागला. वादक त्याला ‘बॉम्ब’ म्हणत. लय जराही ढळलेली नसते, पण ती आता आपण धरायची असते, ख्यालाच्या मैफलीत जाणकार मांडीवर मात्रा धरून बसतो तशी.

पटत नसेल तर चार्ली बार्नेटच्या बँडचं ‘चेरोकी’ (१९३९) लावा आणि लगेच पार्करचं ‘को-को’ (१९४५). दोन्हींखालची स्वरसंगतींची (कॉर्ड्सची) मालिका एकच. पहिल्यावर पाय आपोआप हलतो. दुसऱ्यावर ड्रमर मॅक्स रोचची झांज सळसळत राहते आणि आपण खुर्चीत पुढे सरकून बसतो. मला ‘को-को’ कितीतरी पटीनं प्रिय आहे, पण त्यावर हॉल भरेल असं मी म्हणणार नाही.

म्हणून बीबॉपनं स्विंगला मारलं असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात वादक सैन्यात गेले, पेट्रोल आणि टायर रेशनवर आले. बसभर माणसं गावोगाव न्यायची कशी? १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेनं रेकॉर्डिंग बंद पाडलं, पण गायक त्या संघटनेत नव्हते, त्यामुळे ते गात राहिले आणि पुढे निघून गेले. १९४४ मध्ये नाचगाण्याच्या जागांवर आधी ३० आणि मग २० टक्के कर बसला. निव्वळ वाद्यसंगीत बसून ऐकायचं असेल तर तो लागत नसे. मालकांनी नाचाची जागा बंद करून टेबलं मांडली, आणि छोट्या बँडचे दिवस आले.

नाचणारे मात्र घरी बसले नाहीत. चिक वेबच्या स्विंग बँडमधून बाहेर पडलेल्या लुई जॉर्डननं टिम्पनी फाइव्ह हा छोटा बँड काढला, तोच पायाचा ठेका अधिक ठसठशीत केला आणि चाळीसच्या दशकात एकामागून एक हिट दिले. रिदम अँड ब्लूज तिथूनच पुढे गेलं आणि त्यातून रॉक अँड रोल आलं. ज्याला जॅझचा मारेकरी म्हणतात, ते स्विंगच्याच घरातलं पोर आहे.