सरड्याचे तापमान आणि जागेचे तापमान: एका मोजमापाची पार्श्वभूमी

एकाच जंगलातल्या सरड्यांच्या दोन जातींच्या तापमानात पाच अंशांचा फरक आढळला, तरी तेवढ्यावरून फारसे काही कळत नाही. एक उन्हात वावरते म्हणून तापते, दुसरी सावलीत असते म्हणून गार राहते. तापमान राखण्यासाठी दोघींनीही काहीच केले नसेल, अशीही शक्यता असते. ही शक्यता चोखपणे तपासण्याची रीत घडायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी १९४४ मध्ये दाखवले की, वाळवंटी सरडे ऊन-सावलीत ये-जा करून शरीराचे तापमान ठरावीक पट्ट्यात ठेवतात. त्यानंतर रानोमाळ तापमाने घेतली जाऊ लागली. सरडा दोरीच्या फासात धरायचा, बारीक थर्मामीटरचे टोक शेपटीच्या मुळाशी अवस्करात (मलमूत्र बाहेर पडते त्या छिद्रात) सरकवायचे आणि काही सेकंदांत आकडा टिपायचा. बोटांची ऊब लागली किंवा पाठलाग लांबला, तर ती नोंद बाद.

रोडोल्फो रुईबाल यांनी १९६१ मध्ये क्यूबातल्या पाच अ‍ॅनोलिस (सरड्यांचा एक गट) जातींची तुलना मांडली. अलॉगस दाट सावलीत, होमोलेकिस झिरपत्या उन्हात, तर साग्रेई उघड्यावर. शेजारी नांदणाऱ्या जातींनी ऊन-सावली वाटून घेतलेली दिसली.

पण १९६४ मध्ये जेम्स हीथ यांनी बिअरचे रिकामे डबे पाण्याने भरून उन्हात ठेवले आणि त्यांचे तापमान मोजले. डब्यांचे आकडेही तापमान राखणाऱ्या प्राण्यासारखेच दिसले! या विषयातला हा सर्वांत मोलाचा धक्का, असे आम्ही मानतो. सरड्याने काही केलेच नसते, तर त्याचे तापमान किती असते, हे आधी ठाऊक हवे.

त्यासाठी सरड्याच्या आकाराचा, त्याच्याच रंगछटेचा तांब्याचा पोकळ नमुना बनवतात आणि आत तापमान-संवेदक बसवतात. असे अनेक नमुने अधिवासात चिठ्ठ्या टाकल्यासारखे कुठेही ठेवायचे. हमखास होणारी चूक म्हणजे सरडे दिसले तिथेच ते मांडणे. मग सरड्याची निवड नमुन्याच्या आकड्यातच शिरते.

रेमंड ह्यूई यांनी १९७४ मध्ये पोर्टो रिकोतल्या क्रिस्टाटेलस या अ‍ॅनोलिस गटातल्याच जातीबद्दल दाखवले की, तीच जात मोकळ्या जागी ऊन खाते आणि जंगलात हवेच्या तापमानावर भागवते. जंगलात उन्हाचे कवडसे लांब लांब असतात. तिथवर जाण्यात वेळ आणि शक्ती खर्ची पडते.

पॉल हर्ट्झ, ह्यूई आणि स्टीव्हन्सन यांनी १९९३ मध्ये याला सूत्र दिले. प्रयोगशाळेत सरडा स्वतः निवडतो त्या पट्ट्यापासून त्याचे रानातले तापमान सरासरी किती ढळते, याला नमुन्यांच्या सरासरी ढळण्याने भागायचे आणि भागाकार १ मधून वजा करायचा. उत्तर शून्याजवळ आले तर सरडा परिसराच्या मर्जीवर. १ जवळ आले तर काटेकोर. मात्र परिसरच मुळात अनुकूल असेल, तर भाजक इतका लहान होतो की किरकोळ चुकीनेही उत्तर हेलकावते. म्हणून २००१ पासून भागाकाराऐवजी दोन्हींची सरळ वजाबाकी करण्याचाही पर्याय पुढे आला.