फोबियाच्या ऑनलाइन उपचारांतील गळती

फोबियावरचे, म्हणजे एखाद्या गोष्टीच्या अवाजवी भीतीवरचे, उपचार संगणकावरून किंवा मोबाइलवरून सुरू करून ते अर्ध्यात सोडण्याच्या प्रकाराला उपचारगळती म्हणतात. हे कार्यक्रम बहुतेक सीबीटी (विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी) या उपचारपद्धतीवर बेतलेले असतात. ठरावीक अंतराने एकेक पाठ उघडतो, भीतीची नोंद ठेवावी लागते आणि ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने सामोरे जावे लागते.

गळतीचे मुख्य कारण या सामोरे जाण्यातच आहे. कुत्र्याला घाबरणाऱ्या माणसाला सुरुवातीचे पाठ आवडतात. छातीत धडधड का होते हे वाचून त्याला हायसेही वाटते. मग सूचना येते: कुत्र्याच्या छायाचित्राकडे नजर न हटवता पाहा आणि भीतीला ० ते १०० मध्ये गुण द्या. तो ७० लिहितो, पान बंद करतो आणि जिवात जीव येतो. ही सुटकाच घातक ठरते. टाळल्याने मिळणारा दिलासा भीतीला जिवंत ठेवतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ओ. एच. मौरर यांनी १९४७ मध्येच मांडले होते. म्हणजे उपचार सोडणे हे पुष्कळदा आजाराचेच लक्षण असते. त्याला आळस किंवा इच्छाशक्तीचा अभाव म्हणणे रुग्णावर अन्याय करणारे आहे.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ आयझॅक मार्क्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये फोबिया व पॅनिकच्या (अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांच्या) ९३ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. मुख्यतः संगणकाच्या मार्गदर्शनाने भीतीला सामोरे जाणाऱ्यांपैकी ४३ टक्के, तर तेच उपचार तज्ज्ञाकडून घेणाऱ्यांपैकी २४ टक्के रुग्ण गळाले. केवळ शरीर-मन शिथिल करण्याचा सराव करणाऱ्यांत गळती अवघी ६ टक्के होती, पण त्या सरावाचा उपयोग झाला नाही. सामोरे जाणाऱ्या दोन्ही गटांतली सुधारणा मात्र जवळपास सारखी होती. त्यामुळे नुसत्या गळतीच्या आकड्यावरून उपचार चांगला की वाईट हे ठरवता येत नाही.

पडद्यावर आणखी एक अडचण असते: आपण गेलो हे कुणाच्या लक्षातच येत नाही. दवाखान्यात ठरलेली वेळ चुकली तर निदान विचारणा होते. संशोधक गुंथर आयझेनबाख यांनी २००५ मध्ये ई-आरोग्य (इंटरनेटवरून मिळणाऱ्या आरोग्य) सेवांतील अशा गळतीला ‘लॉ ऑफ अॅट्रिशन’ म्हणजे ‘गळतीचा नियम’ म्हटले. मार्गदर्शक नसलेल्या कार्यक्रमांत ती सहसा जास्त असते. आठवड्यातून एकदा जिवंत माणसाने लिहिलेला चार ओळींचा निरोपही फरक पाडतो, विशेषतः पहिल्या अवघड पायरीच्या आधी. भीती आधी वाढेल आणि मगच ओसरेल, हे त्याच वेळी स्पष्ट सांगायला हवे.

घरात एकांत नसणे, जोडीला नैराश्य असणे, पाठ लांबलचक असणे हीही कारणे आढळतात. काही जण बरे वाटू लागले म्हणून थांबतात. काही जण पाठ पूर्ण करतात, पण शेवटची प्रश्नावली भरत नाहीत. अशांची गणना गळतीत केली तर आकडा फुगतो.

कधी कार्यक्रमच त्या भीतीसाठी योग्य नसतो. रक्त किंवा इंजेक्शनच्या फोबियात रक्तदाब एकाएकी उतरून खरोखर घेरी येऊ शकते. तिथे स्नायू ताणून रक्तदाब वर ठेवण्याचे स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांचे तंत्र आधी शिकवावे लागते. ते न शिकवता ‘श्वास सोडा, अंग सैल सोडा’ एवढेच सांगितले, तर घेरी येऊन पडलेला रुग्ण पुढचा पाठ उघडेलच असे नाही.