हील्स घ्यायच्यात? मग नंबरात दोन मिळवू नका
पुरुषांना हील्स घ्यायच्या असतील तर बुटाच्या नंबरात सरळ दोन मिळवा, हा सल्ला कित्येक वर्षं फिरतोय. तो आलाय अमेरिकन मापावरून, तिथे त्याच पायाला बायकांचा नंबर साधारण दीडने जास्त छापतात, त्यामुळे तिथे ते बरंचसं चालून जातं. आपल्याकडे मात्र बहुतेक यूके नाहीतर युरोपियन नंबर असतो आणि त्यात दोघांची पट्टी एकच, म्हणजे ८ म्हणजे ८च.

मग घट्ट का होतात? कारण बायकांचे साचे चवड्याला अरुंद असतात, अडचण बहुतेकदा रुंदीची असते, लांबीची नाही. आणि मोठा नंबर घेतला की पाय उतारावरून अजूनच पुढे घसरतो, बोटं चेपतात ती चेपतातच, वर मागे टाच सटकते, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर असं चालायचं म्हणजे घोट्याची काही खैर नाही.

स्वतः बघायचं तर संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, कागदावर उभं राहून टाच ते सगळ्यात लांब बोट आणि चवड्याची रुंदी सेंटीमीटरमध्ये मोजा आणि ब्रँडच्या चार्टशी लावा. घालून फरशीवर चाला, टाचेमागे बोट आरामात जात असेल तर सैल आहेत. पहिल्या जोडीला रुंद साचा, जाड हील आणि घोट्याला पट्टा बघा, पेन्सिल हीलचा हट्ट नंतर.