ट्रेंडेलेनबर्ग परीक्षण

ट्रेंडेलेनबर्ग परीक्षण : माणसाला एका पायावर उभे करून त्याची श्रोणी (कमरेचे हाडांचे कडे) समतल राहते की उचललेल्या पायाच्या बाजूला खचते, हे पाहण्याची तपासणी. खुब्यातून पाय बाहेर नेणाऱ्या स्नायूंचा, मुख्यतः मध्य नितंबस्नायूचा (ग्लुटियस मिडियसचा) आणि त्याखालच्या लघु नितंबस्नायूचा कमकुवतपणा तीत उघड होतो. जर्मन शल्यविशारद फ्रीडरिख ट्रेंडेलेनबर्ग (१८४४–१९२४) यांचे नाव तिला मिळाले आहे. डोके खाली व पाय वर ठेवण्याची शस्त्रक्रियेतील स्थिती आणि फुगलेल्या नीलांची तपासणी यांनाही त्यांचेच नाव आहे. त्या दोहोंचा या परीक्षणाशी संबंध नाही.

जन्मतः खुबा निखळलेली मुले डुलत चालतात. मांडीच्या हाडाचा गोळा प्रत्येक पावलाला कमरेच्या हाडावर वरखाली घसरतो म्हणून ती डुलतात, अशी एकोणिसाव्या शतकात रूढ समजूत होती. ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात ती खोडून काढली. रुग्णाला पाठमोरे उभे करून त्यांनी नितंबाखालच्या घडीकडे लक्ष वेधले. निरोगी माणसाने पाय उचलला की त्या बाजूची घडी वर जाते, या रुग्णांत ती खाली येते. म्हणजे दोष हाड घसरण्याचा नसून उभ्या पायाच्या स्नायूंना श्रोणी पेलता न येण्याचा. क्ष-किरणांचा शोध त्याच वर्षाच्या नोव्हेंबरातला, तेव्हा हा निष्कर्ष निव्वळ नजरेच्या बळावर काढलेला होता, हे विसरता कामा नये.

मध्य नितंबस्नायूचे चालण्यातील कार्य मात्र फ्रेंच वैद्य ग्योम द्यूशेन यांनी त्याआधी, १८६७ च्या ग्रंथात वर्णिले होते. हा स्नायू दुबळा झालेला माणूस धड उभ्या पायाच्या बाजूला झुकवून चालतो, हे निरीक्षण त्यांच्याकडे जाते. यावरून नावांचा घोळ आहे. जर्मन लेखनात श्रोणी खचते ती ट्रेंडेलेनबर्गची खूण आणि धड झुकते ते द्यूशेनचे लंगडणे, असा भेद पाळतात; इंग्रजी ग्रंथांत दुसऱ्यालाही बहुधा ‘भरपाई केलेली ट्रेंडेलेनबर्ग चाल’ म्हणतात. जर्मन भेद अधिक उपयोगाचा वाटतो. धड झुकल्यावर श्रोणी समतल दिसते आणि नवखा तपासनीस ‘दोष नाही’ असे लिहून मोकळा होतो. दोन नावे डोक्यात असली की खांद्यांकडेही नजर जाते.

यामागे तरफेचे गणित आहे. खुब्याचा गोळा हा टेकू, त्याच्या एका बाजूला शरीराचे वजन, दुसऱ्या बाजूला स्नायूंची ओढ. ६० किलोच्या माणसाचा एक पाय साधारण १० किलोचा धरला, तर एका पायावर उभे असताना खुब्यावर ५० किलो पेलायचे असतात. वजनाची भुजा (टेकूपासूनचे अंतर) स्नायूच्या भुजेच्या सुमारे दुप्पट असल्याने स्नायूला १०० किलोंइतकी ओढ द्यावी लागते आणि सांध्यावर दोन्ही मिळून दीडशे किलो, म्हणजे शरीराच्या अडीचपट भार येतो. यांतले काहीही बिघडले, मग ते टेकू (निखळलेला खुबा) असो, भुजा (मांडीच्या हाडाची न जुळलेली मोडलेली मान) असो की ओढ (पोलिओ, पाचव्या कटिमणक्याच्या तंत्रिकामुळावरील म्हणजे मज्जातंतूच्या मुळावरील दाब, स्नायू हाडाला जोडणाऱ्या स्नायूबंधाची झीज), खूण दिसते. या स्नायूंची ऊर्ध्व नितंब तंत्रिका मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्याच्या टोकापासून जेमतेम ५ सेंमी. वरून जाते, खुब्याच्या शस्त्रक्रियेत बाजूने छेद वर वाढवला की तिला इजा होऊ शकते. भारतात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला, तरी पूर्वी पोलिओ झालेल्या प्रौढांत ही चाल अजून पाहायला मिळते.

तपासनीस रुग्णाच्या मागे बसतो. कपडे कमरेखाली सरकवून पाठीवरच्या दोन खळ्या उघड्या करायच्या, दोन्ही अंगठे त्यांवर आणि बोटे कमरेच्या हाडाच्या कडेवर. ज्या बाजूची शंका आहे त्या पायावर रुग्णाला उभे करून दुसरा पाय गुडघ्यात वाकवून उचलायला सांगतात. मांडी खुब्यात ३० अंशांपेक्षा जास्त उचलू द्यायची नाही. गुडघा पोटाकडे गेला की श्रोणीही त्याबरोबर वर ओढली जाते आणि खुब्याचा दुबळेपणा नजरेतून सुटतो. मग उचललेली बाजू शक्य तितकी वर घेऊन ३० सेकंद धरायला सांगतात. ही कालमर्यादा हार्डकॅसल व नेड यांच्या १९८५ च्या लेखानंतर रूढ झाली. पहिल्या पाच सेकंदांत समतल असलेला अंगठा विसाव्या सेकंदाला हळूहळू खाली येताना दिसतो. घाईने सोडलेल्या तपासणीत हा थकवा निसटतो. तोल जाणाऱ्याला हाताचा आधार द्यावा, पण त्यावर रेलू देऊ नये.

दोष उभ्या पायाचा असतो आणि दिसतो उचललेल्या बाजूला. विद्यार्थी इथेच फसतात आणि भलत्याच खुब्याची नोंद करतात. दुखण्यामुळे, तोल नसल्याने किंवा सूचना न समजल्याने श्रोणी खचली तर खूण खोटी ठरते. चार वर्षांखालील मुलांत तर तिच्यावर भिस्त ठेवू नये. उलट कमरेचे स्नायू आखडून श्रोणी वर खेचणारा रुग्ण खरा दोष झाकतो. उभे असताना खुब्याच्या बाहेरच्या बाजूला नेमके दुखले, तर श्रोणी न खचताही स्नायूबंधाचा विकार संभवतो.

उपचार कारणाप्रमाणे. निखळलेल्या खुब्याला व्यायाम पुरत नाही. स्नायू दुबळा असेल तर कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, किंचित मागे ठेवून उचलतात. पायाची बोटे छताकडे वळली किंवा अंग मागे कलले, की काम मांडीच्या पुढच्या स्नायूंकडे जाते आणि महिनाभर व्यायाम करूनही खूण तशीच राहते. ते जमल्यावर पायरीच्या कडेवर एका पायाने, गुडघा न वाकवता उभे राहून दुसरी बाजू खाली सोडून वर घेतात. दहादहाचे दोन-तीन फेर, किमान सहा ते आठ आठवडे. स्नायूबंध दुखरा असल्यास मांडीवर मांडी टाकून बसणे आणि एका खुब्यावर भार टाकून उभे राहणे टाळायचे, कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी घ्यायची.

काठी दुखत्या खुब्याच्या विरुद्ध हातात हवी. तो हात टेकूपासून लांब असल्याने काठीवरचा थोडा दाब स्नायूची ओढ कित्येक पटींनी हलकी करतो. अमेरिकी अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ मध्ये याचा हिरिरीने पुरस्कार केला होता. तरीही बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात.