म्युझिक पॉवर की कंटिन्युअस पॉवर? जुन्या स्टिरिओ रिसीव्हरचे वॅट कसे वाचावेत

जुना स्टिरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच डब्यात असलेलं मशीन) घ्यायला निघालेला माणूस सगळ्यात आधी वॅट विचारतो, आणि उत्तरही लगेच मिळतं: "शंभर वॅटचा आहे." या शंभरातून खरं तर काहीच हाती लागत नाही. एकाच मशीनच्या एका जाहिरातीत शंभर वॅट आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तीस वॅट असं सापडू शकतं, आणि दोन्ही आकडे रीतसर मोजून काढलेले असतात. फरक आहे तो मोजायच्या पद्धतीत. एक म्युझिक पॉवर, दुसरी कंटिन्युअस पॉवर, जिला बोलताना सगळे आरएमएस म्हणतात.

कंटिन्युअस पॉवर म्हणजे रिसीव्हर न थांबता, तापला तरी, ठरलेल्या डिस्टॉर्शनच्या (आवाजातल्या बिघाडाच्या) आत राहून जेवढी ताकद देत राहतो ती. म्युझिक पॉवर म्हणजे तोच रिसीव्हर क्षणभरासाठी जेवढी ताकद देऊ शकतो ती. ही दोन उत्तरं वेगळी का येतात, ते पॉवर सप्लायमध्ये दिसतं. गच्चीवरची टाकी भरलेली असताना नळ पूर्ण उघडला की पाणी जोरात येतं. नळ उघडाच ठेवला की शेवटी मोटर जेवढं चढवेल तेवढंच मिळतं. रिसीव्हरमधले मोठे फिल्टर कपॅसिटर ही टाकी आणि ट्रान्सफॉर्मर ही मोटर. ढोलाचा एकच ठोका कपॅसिटरमधल्या साठ्यावर निभावतो. मोठ्या आवाजात सलग सूर लावला की सप्लायचं व्होल्टेज खाली बसतं, आणि त्याबरोबर ताकदही.

साठच्या दशकात अमेरिकेत इन्स्टिट्यूट ऑफ हाय फिडेलिटी, म्हणजे आयएचएफ, या संस्थेची मोजमापं चालत. तिच्या म्युझिक पॉवरच्या व्याख्येत सप्लायचं व्होल्टेज खाली बसतच नाही असं धरलं जाई. डीआयएन या जर्मन मानकसंस्थेच्या पद्धतीत दोन्ही आकडे शेजारी लिहायची चाल होती, उदाहरणार्थ "३०/५० वॅट": आधी सलग, मग म्युझिक. मला ही रीत सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण वाचणाऱ्याला फरक तिथल्या तिथे दिसतो.

जाहिरातवाल्यांनी मात्र आकडा फुगवायच्या वाटा एकावर एक रचल्या. समजा एका रिसीव्हरची खरी ताकद ८ ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध) दर चॅनलला, म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला, ३० वॅट आहे. दोन्ही चॅनल मिळवले की झाले ६०. मोजणी ४ ओहमवर केली की समजा ८०. म्युझिक पॉवर धरली की शंभराच्या पुढे. आकड्याशेजारी बारीक अक्षरात "अधिक-उणे १ डेसिबल" लिहिलं की आणखी २६ टक्के पदरात, कारण डेसिबल हे ताकदीतला फरक सांगायचं माप आहे आणि १ डेसिबल म्हणजे तेवढंच. मग सरासरीऐवजी लाटेच्या टोकाची ताकद घेतली की सगळं दुप्पट. ३० वॅटचे अडीचशे झाले, आणि आतला एक स्क्रूसुद्धा बदलला नाही.

याला लगाम घातला फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने. १९७४ साली लागू झालेल्या नियमाने घरगुती अॅम्प्लिफायरच्या जाहिरातीत वॅट सांगायचे तर कंटिन्युअस वॅट सांगणं बंधनकारक झालं, तेही सगळ्या अटींसकट. १९७८ च्या पायोनियर एसएक्स-७८० चं उदाहरण घ्या: दर चॅनलला किमान ४५ वॅट, ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत, एकूण हार्मोनिक डिस्टॉर्शन ०.०५ टक्क्यांहून जास्त नाही.

हे वाक्य सावकाश वाचण्यासारखं आहे. "दर चॅनलला" म्हटल्यावर बेरीज करता येत नाही, आणि मोजताना दोन्ही चॅनल एकाच वेळी चालू असतात, म्हणजे दोघे एकाच ट्रान्सफॉर्मरवर ताण देतात. "८ ओहमवर" म्हटल्यावर ४ ओहमचा फायदा गेला. डिस्टॉर्शनचा आकडा बांधून दिल्यावर लाटेची डोकी छाटली जाईपर्यंत आवाज वाढवून मिळवलेले वॅट बाद झाले. माझ्या मते यातली सगळ्यात कडक अट २० हर्ट्झची. बरेच स्वस्त अॅम्प्लिफायर १,००० हर्ट्झवर छान आकडा देतात आणि खालच्या सुरात ढेपाळतात, कारण २० हर्ट्झच्या लाटेचा अर्धा फेराच २५ मिलिसेकंद चालतो आणि तेवढा वेळ सप्लायला दम धरावा लागतो.

याशिवाय एक अट जाहिरातीत दिसत नव्हती, पण मशीनच्या वजनात दिसते. मोजण्याआधी अॅम्प्लिफायर एक तास जाहीर ताकदीच्या एक-तृतीयांशावर चालवायचा. ऐकायला हे सोपं वाटतं. पण क्लास-बी धर्तीच्या (लाटेचा वरचा आणि खालचा अर्धा भाग वेगवेगळे ट्रान्झिस्टर उचलतात अशा) आउटपुट स्टेजमध्ये ट्रान्झिस्टर सर्वांत जास्त तापतात ते पूर्ण ताकदीला नाही, तर साधारण ४० टक्क्यांच्या आसपास. एक-तृतीयांश म्हणजे जवळजवळ तीच जागा. त्यामुळे हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पंखे, तोकडे ठेवून चालेना. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या रिसीव्हरांना अॅल्युमिनियमच्या जाड पंखांचे हीटसिंक आणि पोलादी वजनाचे ट्रान्सफॉर्मर दिसतात, त्यामागे या नियमाचा मोठा हात आहे. (२००० साली ही अट एक-अष्टमांशावर आणून सैल केली गेली.)

नियम आला आणि कंपन्यांची चढाओढ खऱ्या वॅटवर सुरू झाली. १९७६ चा पायोनियर एसएक्स-१२५० दर चॅनलला १६० वॅट देत होता. १९७८ मध्ये एसएक्स-१९८० ने २७० आणि मरांट्झ २६०० ने ३०० वॅट गाठले. एसएक्स-१९८० चं वजन सुमारे ३५ किलो आहे; एकट्याने उचलायचं धाडस करू नये.

आता या खऱ्या वॅटनी कानाला किती फरक पडतो? ताकद दुप्पट झाली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. एसएक्स-७८० चे ४५ आणि एसएक्स-१९८० चे २७० वॅट यांत सहापट अंतर आहे, ते भरतं जेमतेम ७.८ डेसिबल. मग ३० वॅटच्या मशीनवर "शंभर वॅट म्युझिक पॉवर" लिहून विकणाऱ्याने कानाला काय जास्त दिलं, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

इथवर वाचून म्युझिक पॉवर म्हणजे निव्वळ थाप वाटेल, पण तसं नाही. संगीत हा सलग सूर नसतोच. सरासरी एक-दोन वॅटवर वाजणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये तबल्याची थाप किंवा झांजेचा आघात क्षणभरासाठी त्याच्या दहापट, कधी पन्नासपट ताकद मागतो. ती मिळाली नाही तर लाट वरून कापली जाते आणि आवाज कर्कश होतो. म्हणून क्षणिक ताकदीचा आकडा कामाचाच आहे, फक्त तो ठरलेल्या रीतीने मोजलेला हवा. आयएचएफच्या १९७८ च्या मानकाने ती रीत दिली: १,००० हर्ट्झचा २० मिलिसेकंदांचा तुकडा दर अर्ध्या सेकंदाला द्यायचा, आणि सलग ताकदीपेक्षा किती जास्त मिळते ते डेसिबलमध्ये सांगायचं. याला डायनॅमिक हेडरूम म्हणतात. त्याच वर्षीचा एनएडी ३०२० (हा रिसीव्हर नाही, रेडिओ नसलेला इंटिग्रेटेड अॅम्प्लिफायर आहे) कागदावर फक्त २० वॅटचा, पण क्षणिक आघाताला त्याहून कितीतरी जास्त देणारा. त्याचं नाव आजही निघतं ते यामुळेच.

हेडरूमचा मोठा आकडा पाहून हुरळून मात्र जाऊ नका. सप्लाय भक्कम असेल तर सलग आणि क्षणिक ताकदीत फार अंतर पडत नाही, हेडरूम एखाद-दीड डेसिबलच निघते. अंतर खूप असेल तर बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मर लहान आहे असं समजावं. एनएडीसारखं ते ठरवून केलेलं असू शकतं. स्वस्तात उरकलेलंही असू शकतं. म्हणून आधी कंटिन्युअसचा आकडा आणि त्याच्या अटी पाहाव्यात, मग हेडरूम. अटी दिलेल्याच नसतील तर तो आकडा मी विचारात घेत नाही. नंतरच्या काळातल्या प्लॅस्टिकच्या म्युझिक सिस्टिमवर झळकणारा पीएमपीओ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट) याच जातीचा, त्याला कुठलंच मानक नाही.

रिसीव्हरच्या दर्शनी भागावरचे वॅटचे काटेही नीट समजून घ्यावेत. ते वॅट मोजत नाहीत, स्पीकरच्या टोकांवरचं व्होल्टेज मोजतात आणि समोर ८ ओहम आहेत असं धरून पट्टीवर वॅट दाखवतात. ८ ओहमवर ४५ वॅट म्हणजे साधारण १९ व्होल्ट. स्पीकर ४ ओहमचा असेल तर काटा ४५ दाखवत असताना प्रत्यक्षात ९० वॅट जात असतात, आणि आउटपुट ट्रान्झिस्टर त्याची झळ सोसतात. मागच्या पॅनलवर ए आणि बी असे स्पीकरचे दोन जोड असतील आणि दोन्ही एकदम चालू केले, तर ८-८ ओहमचे स्पीकरही बहुतेक मॉडेलमध्ये समांतर जोडले जाऊन ४ ओहमच होतात.

जुनं मशीन घेताना आणखी एक गोष्ट: कॅटलॉगमधले दोन्ही आकडे नव्या कपॅसिटरचे आहेत. चाळीस-पन्नास वर्षांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकतात, त्यांची साठवण कमी होते, आणि पहिला फटका बसतो तो खालच्या सुरांना. आवाज पूर्ण बंद ठेवून स्पीकरजवळ कान न्या. बारीक घुंSSS ऐकू आली तर फिल्टर कपॅसिटरवर शंका घ्या, आणि ते तपासून घेतल्याशिवाय ४५ काय किंवा १६० काय, कुठल्याच वॅटचे पैसे मोजू नका.