गाईला दिसलेला खड्डा

देवणी तालुक्यातल्या एका जुन्या वाड्यात शूटिंग चाललं होतं. शॉट साधा होता: नायिकेनं गाय सोडायची आणि अंगण ओलांडून हौदावर न्यायची. गाय मध्येच थांबे. चार वेळा थांबली. सहायक दिग्दर्शक वैतागला, "मावशी, तुमची गाय लई हट्टी आहे." मावशी म्हणाल्या, "हट्टी नाही लेकरा, तिला तिथं खड्डा दिसायलाय."

खड्डा कुठला! लाइटची काळी केबल होती आणि शेजारी स्टँडची सावली.

पण मावशींचं निदान शास्त्राला धरून होतं. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. तिला सुमारे 330 अंशांचं जग एकदम दिसतं, शेपटीमागचा पट्टा तेवढा सुटतो. मात्र दोन्ही डोळ्यांना मिळून दिसणारा भाग समोर चिंचोळाच उरतो, आणि खोलीचा नीट अंदाज येतो तो तिथेच. जमिनीवरचा काळा पट्टा सावली आहे की चर, हे ठरवायला तिला थांबून, मान खाली घालून बघावं लागतं. मावशींनी केबलवर माती लोटली, गाईला हुंगू दिलं. पाचव्या वेळी ती सरळ गेली.

कानांचंही तसंच. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. गाईला त्याच्या बरेच पुढचे, 35 हजारांच्या आसपासचेही. तोंडासमोर क्लॅप, म्हणजे शॉटच्या सुरुवातीला टाळीसारखी आपटतात ती पाटी, वाजवला तर ती बिचकणारच. जाणती युनिटं अशा वेळी क्लॅप शॉटच्या शेवटी, पाटी उलटी धरून देतात. एडिटिंगला काही फरक पडत नाही.

शिवाय प्रत्येक जनावराभोवती न दिसणारं रिंगण असतं. अनोळखी माणूस आत शिरला की जनावर सरकतं. कुठं सरकेल, ते खांद्यावरून ठरतं. खांद्याच्या मागून जवळ गेलात तर पुढं, समोरून गेलात तर मागं. टेम्पल ग्रँडिन या अमेरिकी संशोधिकेनं यावरच गुरं हाताळण्याची शांत पद्धत बसवली. आपल्या गुराख्यांच्या हे अंगवळणी पडलेलं असतं. सेटवर मात्र दहा जण नेमके शेपटीकडून हाकायला धावतात, म्हणजे जिथलं तिला काही दिसत नाही तिथून. मग लाथ बसली की दोष गाईचा!

डोळ्यांतलं पांढरं जास्त दिसू लागलं, शेण पातळ झालं, की ती घाबरलीय असं समजावं आणि कॅमेरा बंद करावा. 'होईल सवय' म्हणत रेटलं तर सवय होत नाही, धास्ती पक्की होते. सवय लावायची तर ट्रायपॉड दोन-चार दिवस आधीच गोठ्याबाहेर नेऊन ठेवावा.

मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात घड्याळही पाहावं लागतं. पारा चाळिशी ओलांडतो, आणि रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबताना वेगळी उष्णता तयार होत असते. देवणी गाय घामावाटे बरीच उष्णता टाकते. म्हशीची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी कमी. तिला दुपारी उन्हात उभं करणं म्हणजे छळच. रात्रीत अंग निवलेलं असतं, म्हणून जनावरांचे शॉट भल्या पहाटे उरकावेत.

कायदाही आहे. 2001 च्या नियमांनुसार प्राण्याची नोंदणी, पशुवैद्याचा दाखला आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते. पाय अडकवून पाडायच्या तारा, आग, जवळचे स्फोट, गुंगीची औषधं, सगळ्याला मनाई. वाघ, सिंह, अस्वल, माकड यांना तर खेळात आणताच येत नाही.

शेवटचा शॉट राहिला होता. गाईनं मान वळवून टक लावून बघायचं. भिंतीआड मावशी सरकी पेंडीची पाटी घेऊन बसल्या आणि हळूच हाक दिली. मान वळली की लगेच मूठभर पेंड. उशीर झाला तर खाऊ कशाचा मिळाला हे तिला कळत नाही. तिसऱ्या हाकेला शॉट ओके झाला.

मॉनिटर पाहून नायिका म्हणाली, "वासराची आठवण काढतेय असं वाटतं ना?" भिंतीमागून मावशींचं हसू ऐकू आलं. तेही रेकॉर्ड झालं होतं.